लाल वाइनची द्राक्षे : चव बागेतच ठरते

खाण्याच्या द्राक्षाचा भाव मण्याचा आकार, चकाकी आणि गोडी पाहून ठरतो. वाइनच्या द्राक्षाचे तसे नाही. नाशिकमध्ये सुला वाइनयार्ड्सची पहिली वाइन २००० साली बाजारात आली आणि २००१ साली राज्य शासनाने द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण जाहीर केले. पुढे शिराझ व कॅबरने सोव्हिन्यों या लाल जातींची लागवड जिल्ह्यात वाढली. तरीही २४ ब्रिक्स गोडी भरलेला माल कारखान्याला का पसंत पडत नाही, हा प्रश्न बागायतदाराला पडतो. याचे उत्तर वाइन पिणाऱ्याच्या ताटात आहे.

थंड किनारा आणि आपले पठार

किनारा म्हटला की आपल्याला कोकणचा दमटपणा आठवतो. अशा हवेत केवडा व भुरी द्राक्ष टिकू देणार नाहीत. कॅलिफोर्नियाचा किनारा मात्र थंड सागरी प्रवाह व धुक्यामुळे गार असतो. तेथे मणी सावकाश पिकतो आणि त्यातील आम्ल टिकते. अशा शिराझच्या वाइनला काळ्या मिरीचा वास येतो. हा वास देणारा रोटंडोन नावाचा घटक शास्त्रज्ञांनी २००८ साली ओळखला. थंड हवेत तो मण्याच्या सालीत अधिक तयार होतो.

नाशिकला समुद्र नाही, पण सुमारे ६०० मीटर उंची व हिवाळ्यातील गार रात्री आहेत. निफाडचा पारा किती उतरतो, हे आपण जाणताच. रात्र गार असली की मण्यातील मॅलिक आम्ल कमी खर्ची पडते. गोडी छाटणी लांबली, तर मणी पिकताना मार्चचे ऊन गाठते. मग साखर वाढते, आम्ल घटते व रंग फिका पडतो.

ताटात काय घडते?

मटणाच्या रश्श्यावर आपण लिंबू का पिळतो? आंबटपणाने तेलकटपणा कमी जाणवतो. वाइनमधील आम्ल हेच काम करते. साल व बियांतून येणारा तुरटपणा, म्हणजे टॅनिन, जांभळासारखा जीभ ओढतो. मांसाहारातील प्रथिने व स्निग्धांशामुळे तो सौम्य होतो. म्हणून शिराझ भाजलेले मटण, काळ्या मसाल्याचा बेताचा तिखट रस्सा किंवा वांग्याच्या भरिताबरोबर जुळते. ठेचा किंवा झणझणीत मिसळीबरोबर मात्र तिखट व अल्कोहोल एकमेकांचा दाह वाढवितात. मासळीबरोबर जड लाल वाइन घेतल्यास तोंडात लोखंडासारखी चव येते. तेथे हलकी, कमी तुरट वाइन बरी. लाल वाइन १६ ते १८ अंश तापमानास द्यावी. आपल्याकडे उन्हाळ्यात त्यासाठी बाटली अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवावी.

आम्ल गेलेली वाइन जेवणाबरोबर जड व सपक लागते. २४ ब्रिक्सच्या रसात सुमारे १३ टक्के अल्कोहोल तयार होते, पण केवळ अल्कोहोल म्हणजे चव नव्हे.

बागेत काय करावे?

१. उत्पादन मर्यादित ठेवावे. लाल जातींसाठी एकरी साधारण ४ ते ५ टन पुरेसे होते. मणी फुगविण्यासाठी जी.ए. वापरू नये. रंग सालीत असतो. मणी लहान असेल तर रसाच्या मानाने साल अधिक मिळते.

२. पालाशाच्या मात्रा पान-देठ परीक्षणानुसारच द्याव्यात. जादा पालाशाने रसाचा सामू वाढतो.

३. मण्यात पाणी उतरल्यानंतर ओलित बेताने द्यावे, मात्र पाने वाळू देऊ नयेत.

४. काढणीपूर्वी आठवड्यातून दोनदा, वेगवेगळ्या वेलींच्या दोन्ही बाजूंचे १०० मणी घेऊन ब्रिक्स, आम्लता व सामू तपासावा. सामू ३.३ ते ३.६ दरम्यान असावा. बी तपकिरी व चावल्यास कुरकुरीत असावी.

५. काढणी जवळ आल्यावर गंधक फवारू नये. त्याने वाइनला कुजक्या अंड्याचा वास येतो.

६. काढणी पहाटे करावी. सडके घड वेगळे काढावेत आणि माल त्याच दिवशी पोहोचवावा.

छाटणीपूर्वीच कारखान्याशी लेखी करार करावा. त्यात ब्रिक्ससोबत आम्लता व सामूच्या मर्यादा आणि त्यानुसार दर लिहून घ्यावेत. वाइनची जात खाण्यासाठी सहज विकली जात नाही. नाकारलेला ट्रॅक्टर दारात परत आला, तर वर्षाची मेहनत वाया जाते.