आठ ट्रॅक आणि बाजूला पडलेला दुसरा कंट्रोलर

मे २००५ मध्ये लॉस एंजेलिसच्या ई-थ्री प्रदर्शनात सोनीने प्लेस्टेशन ३ ची ओळख करून दिली. तिथे दाखवलेल्या चित्रफितींत ‘मोटरस्टॉर्म’चीही एक होती. चिखलाचे फवारे उडताहेत, अवजड ट्रक बाइकवाल्याला रगडतोय, बग्गीचे सुटे भाग हवेत भिरभिरताहेत. पाहणाऱ्यांनी तो प्रत्यक्ष खेळच समजला, आणि तसं समजण्यात त्यांचं काहीही चुकलं नव्हतं. ती फीत म्हणजे आधीच तयार केलेलं संकल्पचित्र होतं, हा खुलासा मागाहून झाला. तोवर हजारो पोरांनी मनातल्या मनात कन्सोल विकत घेऊन टाकला होता.

भारतात हा कन्सोल एप्रिल २००७ मध्ये आला, किंमत ३९,९९० रुपये. डिस्कचे पैसे वेगळे. घरच्यांची मनधरणी करून एवढी रक्कम मोजणाऱ्याला त्या डिस्कवर नेमकं काय आहे, हे आधी कळायला हवं होतं.

‘मोटरस्टॉर्म’ टाकाऊ खेळ नाही, म्हणूनच त्याचा राग जास्त येतो. तो बनवणाऱ्या इव्हॉल्यूशन स्टुडिओज या इंग्लंडमधल्या चमूने प्लेस्टेशन २ साठी जागतिक रॅलीचे खेळ केले होते. गाडी मातीत कशी वागते हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. इथला चिखल नुसता रंगवलेला नाही. पहिल्या फेरीत गुळगुळीत असलेली वाट तिसऱ्या फेरीपर्यंत चाकोऱ्यांनी उखडलेली असते. मघाशी ज्या वळणावर बाइक सफाईने निघाली, तिथेच आता तिचं पुढचं चाक खोल चाकोरीत अडकतं आणि स्वार हँडलवरून पुढे फेकला जातो. त्या काळात असं काही कन्सोलवर दुसरीकडे सहसा दिसत नव्हतं.

पण खेळ सुरू करून मेनू उघडला की पोटात खड्डा पडतो. ट्रॅक आठ. आठही एकाच लाल खडकांच्या वाळवंटात. एकट्याने खेळायची तऱ्हा एकच: तिकीट उघडा, शर्यत मारा, पदक मिळवा, पुढचं तिकीट उघडा. वेळेविरुद्धची शर्यत मुळात नव्हतीच, ती नंतरच्या अपडेटमधून आली. आणि शेजारी भाऊ दुसरा कंट्रोलर घेऊन बसलेला असेल, तर त्याने नुसतं बघत बसायचं, कारण स्क्रीन दोघांत वाटून खेळायची सोयच दिलेली नव्हती. गाड्यांना धडका देत, आरडाओरडा करत खेळायचा हा खेळ, आणि एका सोफ्यावरच्या दोघांना एकत्र खेळता येऊ नये? ही काही बारीकसारीक उणीव नव्हे. डिसेंबर २००६ मध्ये जपानमध्ये तो पहिल्यांदा विकला गेला तेव्हा त्यात ऑनलाइनही खेळता येत नव्हतं.

त्याहून जास्त जीव जाळतो तो संगणकाचा पक्षपात. खेळाडू पुढे गेला की मागच्या गाड्यांना अचानक बळ येतं. तो मागे पडला की पुढच्या रेंगाळतात. खेळणारे याला रबरबँडिंग म्हणतात. शर्यत चुरशीची राहावी हा त्यामागचा हेतू, पण त्यात मेहनतीची किंमत उरत नाही. दोन फेऱ्या बिनचूक मारा, आघाडी जेमतेम तेवढीच. शेवटच्या फेरीत एका दगडाला चाक घासलं की गाडीच्या चिंधड्या संथ गतीत उडताना पाहायच्या, आणि तेवढ्यात सगळा जमाव शेजारून निघून जातो. शेवटच्या तिकिटांवर तर चीड आवरत नाही. भरीला गाडी निवडण्याचा पडदा. पुढची गाडी बघायची म्हटलं की ती समोर येईपर्यंत ताटकळायचं.

ज्यांना तरीही खेळायचाच आहे, त्यांनी काही गोष्टी गाठीशी बांधाव्यात. बाइक आणि एटीव्ही घेऊन खालच्या चिखलात उतरू नये. तो रस्ता अवजड ट्रकांचा आणि मडप्लगर नावाच्या चिखलातल्या गाड्यांचा. हलक्या गाडीने वरच्या कड्याची वाट धरावी, मात्र ‘रेनगॉड मेसा’ या ट्रॅकवर तिथून खाली कोसळायची भीती कायम असते. वेग वाढवणारा बूस्ट सतत दाबून धरला की इंजिन तापून फुटतं, म्हणून इशाऱ्याचा आवाज वाढला की बोट उचलावं. याला अपवाद फक्त शेवटच्या काही मीटरचा. तिथे इंजिन फुटलं तरी फुटलेली गाडी त्याच झोकात रेषेपलीकडे जाते आणि क्रमांक धरला जातो. शेवटच्या फेरीपर्यंत पहिलं येण्याचा अट्टहास सोडावा, तिसऱ्या-चौथ्या जागी राहून अखेरीस मुसंडी मारावी. रबरबँडचा फायदा उठवायचा तो असाच.

जुन्या डिस्क विकणारे अजूनही वेष्टनावरचं ‘बारा जण ऑनलाइन’ दाखवून भाव वाढवतात. ते सर्व्हर केव्हाच बंद झाले आहेत, तेव्हा त्या ओळीसाठी एक पैसाही जास्त देऊ नये. कुठलाही खेळ घेताना जाहिरातीपेक्षा प्रत्यक्ष खेळतानाचं चित्रण बघावं, हे वेगळं सांगायला नको. निवड करायचीच असेल तर २००८ चा ‘पॅसिफिक रिफ्ट’ घ्यावा. त्यात सोळा ट्रॅक आहेत, पाण्यातून गेलं की तापलेला बूस्ट थंड होतो आणि एका स्क्रीनवर चौघांना खेळता येतं. म्हणजे दोनच वर्षांत हे सगळं त्याच चमूला त्याच कन्सोलवर जमलं होतं. २०१६ मध्ये स्टुडिओ बंद झाल्यावर त्यातले बरेच जण कोडमास्टर्सकडे गेले आणि त्यांच्या २०२० च्या ‘डर्ट ५’मध्ये चौघांसाठी वाटलेली स्क्रीन पहिल्या दिवसापासून होती. पहिल्या डिस्कला पूर्ण पैसे मोजणाऱ्यांना मात्र ती कधीच मिळाली नाही.