आरसा आणि ताट

मधल्या सुटीची घंटा झाली की वर्गावर्गांतून डबे उघडतात. कोणाच्या डब्यात नागलीची भाकर व उडदाची डाळ असते, कोणाच्या डब्यात ठेपले, तर कोणाच्या डब्यात नुसता भात. सामरवरणीसारख्या, सिल्वाशाला लागून असलेल्या आणि कारखान्यांमुळे नाना प्रांतांतील कुटुंबे एकत्र आलेल्या गावी हे स्वाभाविकच आहे. परंतु या गजबजाटात एखादा डबा न उघडताच पुन्हा पिशवीत जातो. ‘भूक नाही’, ‘आज उपवास आहे’, ‘पोट जड झाले आहे’ अशी कारणे रोज नवी सापडतात. त्या बंद डब्याकडे आपले लक्ष वेधावे, एवढ्यासाठीच आम्ही हा लेख लिहीत आहोत.

अन्नाच्या तुटवड्याने येणारी कृशता आपल्या डोंगरी मुलखाला अपरिचित नाही. पुरेसे व सकस अन्न मिळाले म्हणजे ती बहुधा हटते. परंतु वाढलेल्या ताटावरून भीतीने उठून जाणे, हा निराळाच विकार होय. १८७३ साली लंडनचे डॉ. विल्यम गल व पॅरिसचे डॉ. लासेग यांनी त्याचे स्वतंत्रपणे वर्णन केले. यास हट्ट किंवा नखरा म्हणणे अन्यायाचे आहे. हा आजार आहे. तो मुलींप्रमाणे मुलांनाही होतो, आणि केवळ कृश दिसणाऱ्यांनाच होतो असेही नाही. उपेक्षा केल्यास हाडे व हृदय दुबळी होतात, प्रसंगी जिवावरही बेतते.

ही भीती येते कोठून? फिजी बेटांवर पूर्वी भरल्या अंगाचे कौतुक असे. कोणी वाळले तर घरच्यांना चिंता वाटे. आपल्याकडेही ‘किती वाळलीस गं!’ असे आजी काळजीनेच म्हणते. तेथील नाद्रोगा प्रांतात १९९५ साली दूरचित्रवाणी आली. अमेरिकेच्या डॉ. ॲन बेकर यांनी तेथील शाळकरी मुलींची त्या वर्षी व पुन्हा १९९८ साली पाहणी केली. आहाराविषयी विकृत वृत्ती दिसणाऱ्या मुलींचे प्रमाण तीन वर्षांत शेकडा सुमारे १३ वरून २९ वर गेले होते. आज तर चित्रे घरातील एका पेटीतून नव्हे, हातातील मोबाइलमधून अहोरात्र दिसतात. त्यांत ‘जाडी’, ‘काळी’, ‘हडकुळा’ अशा आपल्याच विनोदांची भर पडते.

उपासमार मनालाही पोखरते. १९४४-४५ साली अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात डॉ. अन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुण स्वयंसेवकांना सुमारे सहा महिने अपुरे अन्न दिले. ते चिडचिडे व उदास झाले, मित्रांना टाळू लागले आणि त्यांच्या मनात अन्नावाचून दुसरा विचार उरला नाही. यावरून ‘नीट जेव’ असा उपदेश किंवा धाक अशा मुलास का उपयोगी पडत नाही, हे ध्यानात येईल.

येथे आहारतज्ज्ञाचे काम सुरू होते. डॉक्टर व मानसोपचारतज्ज्ञ यांच्या जोडीने ते चालते. मात्र आहारतज्ज्ञाला रोग्याच्या घरची चूल ठाऊक असावी लागते. हाँगकाँगच्या डॉ. सिंग ली यांनी १९९३ साली दाखवून दिले की, तेथील अशा रुग्णांपैकी निम्म्याहून अधिकांनी लठ्ठपणाची भीती बोलूनच दाखविली नव्हती; पोट फुगते, भूक नाही, असेच ते सांगत. प्रत्येक समाजात दुखणे निराळ्या भाषेत बोलते. म्हणून जाणता आहारतज्ज्ञ परदेशी पदार्थांचा तक्ता हाती देत नाही. घरी काय शिजते, ताट कोण वाढते, कोणते उपवास पाळले जातात, हे तो आधी विचारतो. श्रद्धेने केलेला उपवास आणि न जेवण्यासाठी पुढे केलेला उपवास यांतील भेद तो हळुवारपणे उलगडतो, आणि देवाला न दुखवता शरीर कसे राखावे हे कुटुंबासह ठरवितो.

नागलीचेच पाहा. ‘गरिबाचे काळे धान्य’ म्हणून डब्यात ती लपविणारे विद्यार्थी आहेत. परंतु हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या कोष्टकानुसार १०० ग्रॅम नागलीत सुमारे ३६४ मिलिग्रॅम कॅल्शियम असते. पांढऱ्या तांदळात ते दहाच्याही आत भरते. वारली, कोकणा, धोडिया घरांतील ही भाकर लाजण्याची वस्तू नव्हे. ज्याला आपल्या ताटाची लाज वाटते, त्याला पुढे आपल्या देहाचीही लाज वाटू लागते. आहारतज्ज्ञ ही लाज दूर करतो, हेच त्याचे मोठे औषध होय.

विद्यार्थिमित्रांनो, आपणांस करता येण्याजोगे थोडेच आहे, पण ते मोलाचे आहे. कोणाच्याही अंगलटीवर वा वर्णावर शब्द टाकू नये. डबा न उघडणाऱ्या सोबत्याला टोचू नये. त्याच्याजवळ बसावे, इतर गोष्टी बोलाव्यात. असे पुनःपुन्हा घडल्यास विश्वासातील शिक्षकांस किंवा पालकांस सांगावे. ही चहाडी नव्हे. प्रथम डॉक्टरांना दाखवावे. मनाच्या व्यथेसाठी सरकारची ‘टेलि-मानस’ ही दूरध्वनी सेवा २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य उपलब्ध आहे.

आरसा आपले रूप तेवढे दाखवितो. आपले बळ ताटातून येते. उद्याच्या सुटीत एक तरी बंद डबा आपल्या सोबतीने उघडला, तर हा लेख लिहिल्याचे सार्थक झाले असे आम्ही मानू.