पस्तीस हजार फूट म्हणजे नेमके किती?

प्रश्न : मुंबई–नागपूर विमानात वैमानिकाने घोषणा केली की आपण पस्तीस हजार फुटांवर आहोत. खिडकीशी धरलेल्या मोबाइलमधला जीपीएस मात्र छत्तीस हजार सहाशे फूट दाखवत होता. विमानांचा माग दाखवणाऱ्या अ‍ॅपवर नंतर पाहिलं, तर त्या उड्डाणापुढे ‘एफएल ३५०’ असं होतं आणि परतीच्या उड्डाणापुढे ‘एफएल ३४०’. हे एफएल काय असतं? आणि दीड हजार फुटांची चूक कोणाची, वैमानिकाची की मोबाइलची?
– एक वाचक, अमरावती

उत्तर : कोणाचीच नाही. मोबाइलने समुद्रसपाटीपासूनची उंची दाखवली. वैमानिकाने जो आकडा सांगितला, तो खरं तर हवेचा दाब होता. फुटांच्या भाषेत सांगितला, एवढंच.

एफएल म्हणजे फ्लाइट लेव्हल. शेवटची दोन शून्यं गाळायची, की पस्तीस हजारांचे ३५० होतात. रेडिओवर ‘फ्लाइट लेव्हल थ्री फाइव्ह झीरो’ असा एकेक आकडा सुटा उच्चारतात. विमानातला उंचीमापक, म्हणजे अल्टिमीटर, जमिनीकडे बघतच नाही. विमानाच्या अंगावर बारीक छिद्रं असतात, त्यांतून तो बाहेरच्या हवेचा दाब घेतो. पूर्वी यासाठी हवा काढून घेतलेली पातळ पत्र्याची डबी असायची. वर जाताना दाब उतरला की ती फुगायची आणि काटा फिरायचा. आता हे काम संगणकाकडे आहे, पण तत्त्व तेच. दाबाची उंची करायची तर कुठलं तरी एक वातावरण गृहीत धरावं लागतं. ते जगाने ठरवून घेतलं आहे : समुद्रसपाटीला दाब १०१३.२५ हेक्टोपास्कल आणि तापमान १५ अंश सेल्सिअस. या हिशेबात जिथे दाब २३८च्या आसपास, तिथे फ्लाइट लेव्हल ३५०.

पंधरा अंश! मे महिन्यात नागपुरात कोणाला सांगून पाहा. आपल्याकडची हवा या ठरीव हवेपेक्षा बरीच गरम असते. गरम हवा फुगते, तिचे थर जाड होतात, आणि २३८चा दाब गाठायला विमानाला आणखी वर जावं लागतं. त्यामुळे महाराष्ट्रावरून फ्लाइट लेव्हल ३५०ने जाणारं विमान वर्षातला बराच काळ प्रत्यक्षात हजार-दीड हजार फूट जास्त उंच असतं. तुमच्या मोबाइलने तेच पकडलं.

मग खरी उंची सोडून हा खटाटोप कशासाठी? कारण वर आकाशात डोंगर नसतात, दुसरी विमानं असतात. जमीन किती खाली आहे यापेक्षा समोरचं विमान आपल्या किती वर वा खाली आहे, याला तिथे महत्त्व. कोलकात्याहून आलेलं आणि मुंबईहून निघालेलं विमान नागपूरजवळ एकमेकांवरून जातं, तेव्हा एकाच्या यंत्रात कोलकात्याचा दाब आणि दुसऱ्याच्या यंत्रात मुंबईचा दाब लावलेला असेल, तर दोघांच्या फुटांचा मेळ बसणार नाही. दोघांनीही १०१३ लावला, तर हवा गरम असो वा थंड, चूक दोघांची सारखीच होते आणि मधलं अंतर टिकतं. मांडवातल्या सगळ्यांचीच घड्याळं दहा मिनिटं पुढे असतील, तर अक्षता एकदमच पडतात. जीपीएस आला तरी ही पद्धत म्हणूनच चालू आहे.

जमिनीजवळ मात्र ही सोय जिवावर बेतेल. तिथे त्या ठिकाणचा, त्या वेळचा दाब लावावा लागतो. त्याला क्यूएनएच म्हणतात. तारायंत्राच्या काळातल्या सांकेतिक अक्षरांपैकी हे एक; त्याचं पूर्ण रूप शोधत बसू नका, नाही. नियंत्रक हा आकडा सांगतो आणि वैमानिक तो जसाच्या तसा परत म्हणून दाखवतो. क्यूएनएच लावला की धावपट्टीवर उभ्या विमानाचा उंचीमापक त्या विमानतळाची समुद्रसपाटीपासूनची उंची दाखवतो : मुंबईत चाळीसेक फूट, लेहला दहा हजार सहाशेच्या वर. ठरावीक उंची ओलांडताना वैमानिक क्यूएनएच सोडून १०१३ लावतात, उतरताना उलट. ही उंची देशोदेशी वेगळी असते. अमेरिकेत ती १८,००० फूट आहे.

एका हेक्टोपास्कलचा फरक म्हणजे जमिनीजवळ अठ्ठावीसेक फूट. भर पावसाळ्यात मुंबईचा दाब १००४च्या आसपास असतो. तेव्हा १०१३ बदलायचा राहिला, तर विमान काट्यावर दिसतं त्यापेक्षा अडीचशे फूट खाली असेल.

२३ मे २०२२ रोजी पॅरिसच्या शार्ल द गोल विमानतळावर दहा हेक्टोपास्कलने काय होतं ते दिसलं. स्टॉकहोमहून आलेल्या एअरबसला नियंत्रकाने १००१ऐवजी १०११ असा आकडा दिला. वैमानिकांनी तो बिनचूक परत म्हटला आणि लावला. ठरलेल्या किमान उंचीवरही धावपट्टी दिसेना, म्हणून त्यांनी नियमाप्रमाणे विमान पुन्हा वर घेतलं. त्या खेपेला ते जमिनीपासून सहा फुटांपर्यंत आलं होतं आणि धावपट्टी अजून सुमारे दीड किलोमीटर पुढे होती. दुसऱ्या खेपेलाही १०११च लावलेला होता, पण तेव्हा धावपट्टी दिसली आणि विमान सुखरूप उतरलं.

आता तुमचं ३५० आणि ३४०. भारतात पूर्वेकडच्या अर्ध्या दिशांना जाणाऱ्या विमानांना विषम हजारांची पातळी मिळते (३३०, ३५०, ३७०) आणि पश्चिमेकडे जाणाऱ्यांना सम (३४०, ३६०, ३८०). समोरासमोर येणाऱ्या विमानांत हजार फुटांचं अंतर आपोआप राहतं. पूर्वी २९०च्या वर हे अंतर दोन हजारांचं होतं, कारण विरळ हवेत दाबाचा फरक सूक्ष्म असतो आणि जुन्या यंत्रांवर तेवढा भरवसा नव्हता. आपल्याकडे २००३मध्ये ते हजारावर आलं. गंमत म्हणजे त्याआधीच्या पद्धतीत ३५० ही पातळी पश्चिमेकडे जाणाऱ्यांची होती!

हे हजार फूट पाळले गेले नाहीत, तर काय होतं? १२ नोव्हेंबर १९९६च्या संध्याकाळी हरियाणातल्या चरखी दादरीच्या आकाशात दोन विमानं समोरासमोर होती. दिल्लीहून निघालेल्या सौदी बोइंगला फ्लाइट लेव्हल १४० दिलेली होती, दिल्लीत उतरायला येणाऱ्या कझाक विमानाला १५०. कझाक विमान १५०ला थांबलं नाही, खाली येत राहिलं. दोन्ही विमानांतले मिळून ३४९ जण गेले. त्यानंतर टक्कर टाळण्याचा इशारा देणारी यंत्रणा भारतात येणाऱ्या प्रवासी विमानांना सक्तीची झाली, आणि दिल्लीत येणाऱ्या-जाणाऱ्या विमानांचे मार्ग वेगळे केले गेले.

पुढच्या प्रवासात हा नियम तुम्ही स्वतः ताडून पाहू शकता. मुंबईहून गोव्याला जाताना अ‍ॅपवर विषम आकडा दिसायला हवा, गोव्याहून येताना सम. चढता-उतरताना मधले आकडे दिसतील, आणि गर्दी किंवा ढग टाळायला नियंत्रक कधी वेगळी पातळीही देतात. तेवढी सूट धरा.