कस्तुरबा

पुण्याहून अहिल्यानगरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, येरवड्याजवळ, एक जुना आणि भव्य राजवाडा आहे. त्याला आगाखान राजवाडा म्हणतात. राजवाड्याभोवती विस्तीर्ण बाग आहे. त्या बागेच्या एका शांत भागात दोन साध्या समाध्या शेजारी शेजारी उभ्या आहेत. एक महात्मा गांधींचे चिटणीस महादेवभाई देसाई यांची, दुसरी कस्तुरबांची. राजवाड्यात येणारे लोक समाधीपाशी आले की आपोआप हळू बोलू लागतात. जिने पन्नाशी उलटल्यावरही तुरुंगवास टाळला नाही आणि जिने अखेरचा श्वासही बंदिवासातच घेतला, त्या मातेचे हे विश्रांतिस्थान आहे.

गुजराती भाषेत आईला 'बा' म्हणतात. कस्तुरबा चार मुलांच्या बा होत्या. पुढे त्या नातवंडांच्या झाल्या, आश्रमातील सर्व लहानथोरांच्या झाल्या आणि शेवटी साऱ्या देशाच्या झाल्या. महात्म्याची पत्नी म्हणून लोक त्यांना ओळखतात. परंतु केवळ पतीच्या मागून मुकाट्याने चालणारी स्त्री अशी त्यांची कल्पना कोणी केली, तर ती खरी ठरणार नाही.

कस्तुरबांचा जन्म ११ एप्रिल १८६९ रोजी सौराष्ट्रातील पोरबंदर येथे झाला. त्यांचे वडील गोकुळदास हे तेथील व्यापारी होते. त्या काळच्या रीतीप्रमाणे बालवयातच त्यांचे लग्न मोहनदास गांधी यांच्याशी झाले. दोघांचेही वय तेव्हा तेरा-चौदा वर्षांचे होते. कस्तुरबा तर पतीपेक्षा काही महिन्यांनी मोठ्याच होत्या. नवरा झालो म्हणजे बायकोवर हुकूम चालवला पाहिजे, अशी त्या शाळकरी नवऱ्याची समजूत. आपल्या परवानगीवाचून पत्नीने देवळात किंवा मैत्रिणींकडे जाऊ नये, असा त्यांनी नियम केला. कस्तुरबांनी भांडण केले नाही, की रडून गोंधळ घातला नाही. मनात येई तेव्हा त्या देवळात जात आणि शांतपणे परत येत. हुकूम तसाच हवेत विरून जाई. वृद्धपणी गांधीजी मोकळ्या मनाने सांगत, की सत्याग्रहाचा पहिला धडा आपण पत्नीपासून शिकलो. अन्यायाची आज्ञा मानायची नाही, पण आज्ञा करणाऱ्याचा द्वेषही करायचा नाही, हा तो धडा होय.

गांधीजी दक्षिण आफ्रिकेत वकिली करू लागल्यावर कस्तुरबाही मुलांसह तेथे गेल्या. दरबान शहरातील त्यांच्या घरी गांधीजींचे कारकूनही कुटुंबातील माणसांप्रमाणे राहत. खोल्यांत मोऱ्या नव्हत्या; म्हणून रात्रीसाठी मूत्रपात्रे ठेवलेली असत. नव्याने आलेल्या एका कारकुनाचे पात्र स्वच्छ करण्याची पाळी या पतिपत्नींवर आली. तो कारकून अस्पृश्य मानल्या गेलेल्या घराण्यातील होता. जुन्या संस्कारांत वाढलेल्या बांना ते काम फार जड गेले. त्यांनी पात्र उचलले खरे, पण त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते. हे काम हसतमुखाने झाले पाहिजे असा गांधीजींचा हट्ट. शब्दाने शब्द वाढला. संतापाच्या भरात गांधीजींनी त्यांचा हात धरून त्यांना फाटकापर्यंत ओढत नेले आणि बाहेर घालवण्यासाठी फाटक उघडले. तेव्हा बांनी त्यांना खडसावले. या परमुलखात माझे ना आई, ना बाप. मी जाणार कोठे? काही लाज बाळगा, असे त्या म्हणाल्या. गांधीजी वरमले. त्यांनी फाटक लावून घेतले.

या प्रसंगात दोघांकडूनही चूक झाली होती. माणसामाणसांत उच्चनीच मानणे ही बांची चूक. दुसऱ्याला बळजबरीने चांगले करू पाहणे ही गांधीजींची चूक. गांधीजींनी आपली चूक आत्मचरित्रात लिहून जगापुढे मांडली. बांनी आपली चूक लिहिली नाही. त्यांनी ती जगण्यातून पुसून टाकली. १९१५ साली अहमदाबादजवळच्या आश्रमात दुदाभाई नावाचे एक हरिजन गृहस्थ पत्नी व मुलगी यांच्यासह राहावयास आले. तेव्हाही प्रथम बांच्या मनाने कुरकूर केली. पण पुढे त्याच दुदाभाईंची मुलगी लक्ष्मी आश्रमात लेकीसारखी वाढली. मन वळावयास बांना वेळ लागे. एकदा वळले की ते पुन्हा मागे फिरत नसे.

१९०१ मधील गोष्ट. गांधीजी आफ्रिकेहून स्वदेशी परतावयास निघाले, तेव्हा तेथील हिंदी लोकांनी त्यांना सोन्यारुप्याचे पुष्कळ नजराणे दिले. त्यांत बांसाठी सोन्याचा एक मौल्यवान हारही होता. लोकसेवेचे मोल घेणे गांधीजींना रुचेना. सर्व दागिने लोकांच्या कामासाठी विश्वस्तांच्या हाती द्यावेत असे त्यांनी ठरवले. बांना हे पटले नाही. मला नको असले तरी उद्या सुना घरात येतील, त्यांच्या अंगावर काय घालू, असे त्यांनी विचारले. शिवाय हार मला मिळाला आहे; तुमच्या सेवेत माझी रात्रंदिवसाची मेहनत नव्हती काय, हेही त्यांनी ऐकवले. दागिने शेवटी परत गेले. परंतु बांचा प्रश्न खोटा नव्हता. घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याचे ताट कोणी वाढले होते? थोर पुरुषांच्या कार्याचा हिशेब मांडताना हे ताट वाढणारे हात आपण पुष्कळदा विसरतो.

१९१३ साली दक्षिण आफ्रिकेतील एका न्यायालयाने विलक्षण निर्णय दिला. ख्रिस्ती पद्धतीने झालेले विवाह तेवढे कायदेशीर, असा त्याचा अर्थ होता. म्हणजे हिंदू, मुसलमान आणि पारशी स्त्रिया एका दिवसात कायद्याच्या दृष्टीने पत्नी राहिल्याच नाहीत! हे ऐकून बा खवळल्या. सत्याग्रह करून तुरुंगात जाण्याची त्यांनी तयारी दाखवली. त्यांना कोणी आग्रह केला नव्हता. उलट गांधीजींनी पुढचे सारे कष्ट त्यांना समजावून सांगितले होते. त्या वर्षीच्या सप्टेंबर महिन्यात सत्याग्रह्यांच्या पहिल्या तुकडीबरोबर त्या सरहद्दीवर गेल्या आणि त्यांना तीन महिन्यांच्या सक्तमजुरीची शिक्षा झाली. तुरुंगात त्यांचे फार हाल झाले. सुटून आल्या तेव्हा त्या इतक्या खंगल्या होत्या, की त्यांना ओळखणे कठीण झाले. पण पुढच्याच वर्षी नवा कायदा होऊन हिंदी लोकांच्या विवाहांना मान्यता मिळाली.

भारतात परतल्यावर बांचे घर म्हणजे आश्रम झाला. १९१७ साली बिहारमधील चंपारण्यात निळीच्या मळेवाल्यांच्या जुलमाविरुद्ध गांधीजींनी लढा दिला. त्या वेळी बा भितिहरवा या खेड्यात राहून स्त्रियांना स्वच्छतेचे महत्त्व सांगत. जवळच्याच एका लहान खेड्यातील काही स्त्रियांची लुगडी फार मळलेली पाहून, ती धूत का नाही, असे त्यांनी एकीला विचारले. ती बाई त्यांना आपल्या झोपडीत घेऊन गेली. आत ना पेटी होती, ना कपाट. अंगावरचे एकच लुगडे. ते धुवायचे तर नेसायचे काय? बा निरुत्तर झाल्या. मळलेल्या लुगड्यामागे आळस नसून दारिद्र्य आहे, हे त्यांनी पाहिले आणि गांधीजींच्या कानांवर घातले. पुढे गांधीजींनी ही हकीकत आत्मचरित्रात लिहिली आणि ती देशभर पोचली.

देशाचे दुःख वाटून घेणाऱ्या या मातेला घरातलेही एक मोठे दुःख होते. थोरला मुलगा हरिलाल वडिलांवर रुसून दूर गेला आणि वाईट मार्गाला लागला. १९१८ साली त्याची पत्नी चंचल मरण पावली. तिची लहान मुले पोरकी झाली. बांनी या नातवंडांवर आईची माया केली. वयाच्या पन्नाशीला पोचलेली ही आजी आश्रमाच्या पहाटेच्या घंटेबरोबर उठे, प्रार्थना, सूतकताई व स्वयंपाकघर सांभाळी आणि नातवंडांची दुखणीखुपणीही काढी. त्यांतील रसिक नावाचा नातू १९२९ साली ऐन उमेदीत मरण पावला. तो घावही बांनी सोसला.

हरिलालची एक हकीकत सांगतात. गांधीजी व बा आगगाडीने प्रवास करीत असता कटनी स्थानकावर गाडी थांबली. लोक गांधीजींचा जयजयकार करीत होते. तेवढ्यात गर्दीतून 'माता कस्तुरबा की जय' असा आवाज आला. बांनी पाहिले, तो फाटक्या कपड्यांतला हरिलाल! त्याने खिशातून एक संत्रे काढून आईच्या हाती दिले. मी हे तुझ्यासाठी आणले आहे आणि तूच ते खायचे, असे त्याने बजावले. वडिलांचा मोठेपणा तुझ्यामुळेच आहे, असेही तो म्हणाला. आमच्याबरोबर चल, असे आईने विनवले. पण त्याने मान हलवली. गाडी सुटली. मग बांच्या ध्यानात आले, की आपल्या करंडीत फळे होती. त्यांतले एकही त्या उपाशी मुलाच्या हाती ठेवायचे सुचले नाही. गाडी फलाटाबाहेर गेली होती. जगाने ज्याला वाया गेलेला म्हटले, तोही आईला मुलगाच होता.

९ ऑगस्ट १९४२ च्या पहाटे मुंबईत गांधीजींना अटक झाली. त्या सायंकाळी शिवाजी पार्कवर त्यांचे भाषण व्हावयाचे होते. आता सभेत कोण बोलणार, असा प्रश्न पडला. त्र्याहत्तर वर्षांच्या बा म्हणाल्या, की मी बोलेन. सभेला निघताच पोलिसांनी त्यांना पकडले. पुढे त्यांना पुण्याच्या आगाखान राजवाड्यात गांधीजींबरोबर ठेवण्यात आले. १५ ऑगस्टला, अवघ्या सहाव्या दिवशी, महादेवभाई तेथेच एकाएकी वारले. पुत्रासारखा माणूस गेला. त्यांच्या समाधीपाशी जाऊन बा हात जोडीत.

त्या बंदिवासात एक मोठे हृद्य दृश्य दिसे. गांधीजी गुरुजी झाले होते आणि बा विद्यार्थिनी! लहानपणी बांना शाळा मिळाली नव्हती. आता पंचाहत्तरीजवळ आलेली ही आजी गुजराती वाचन आणि भूगोल शिकू लागली. गावांची नावे काही केल्या लक्षात राहत नसत. तरी पाठ चालू असे. एकदा त्यांनी लिहिण्यासाठी वही मागितली. आधी सुट्या कागदांवर अक्षर सुधार, मग वही मिळेल, असे गांधीजी म्हणाले. बांना ते लागले. पुढे वही आली, तेव्हा त्यांनी ती बाजूला ठेवून दिली. पोरवयात पतीचा हुकूम न मानणारी ती मानी कस्तुर अजून त्यांच्यात जागी होती.

१९४३ च्या अखेरीस बांचे हृदयाचे दुखणे बळावले. मुले भेटीस आली. हरिलालही येऊन गेला. २२ फेब्रुवारी १९४४ रोजी, महाशिवरात्रीच्या सायंकाळी, गांधीजींच्या मांडीवर डोके ठेवून बांनी प्राण सोडला. दुसऱ्या दिवशी, गांधीजींनी स्वतः कातलेल्या सुताची साडी त्यांना नेसवण्यात आली आणि राजवाड्याच्या आवारातच अग्निसंस्कार झाला. चिता शांत होईपर्यंत गांधीजी तेथून हलले नाहीत. साठ वर्षांहून अधिक काळाची सोबत संपली होती. नंतर राखेत बांच्या हातांतील काचेच्या बांगड्या न भंगलेल्या अशा सापडल्या.

त्यांच्या स्मरणार्थ देशातील लोकांनी एक कोटी रुपयांहून अधिक निधी गोळा केला. तो खेड्यांतील स्त्रिया व मुले यांच्या सेवेसाठी लावण्यात आला. भितिहरव्याजवळच्या झोपडीत बांनी जे पाहिले होते, त्याचेच हे उत्तर होते. पुढे १९६९ साली आगाखान राजवाडाही राष्ट्राला अर्पण करण्यात आला.

बांनी ग्रंथ लिहिले नाहीत. त्यांनी मोठमोठी भाषणे केली नाहीत. पटले नाही तेव्हा त्या 'नाही' म्हणाल्या, मग तो पती महात्मा का असेना. आणि पटले तेव्हा तुरुंगाच्या दारातही त्या अडखळल्या नाहीत. आपल्यापैकी प्रत्येकाच्या घरी आई असते, आजी असते. तिचे नाव इतिहासात नसेल. पण तिनेही कोणासाठी तरी एखादा हार परत केलेला असतो, एखादे संत्रे आयुष्यभर मनात जपलेले असते. बांची समाधी पाहून घरी गेल्यावर आपण तिच्यापाशी बसावे आणि तिची गोष्ट तिच्याच तोंडून ऐकावी.

अभ्यास

१. बालवयात गांधीजींनी घातलेला नियम कस्तुरबांनी कसा मोडला? त्यातून गांधीजी कोणता धडा शिकले?

२. दरबान येथील प्रसंगात दोघांची कोणती चूक झाली? ती प्रत्येकाने कशी सुधारली?

३. दागिन्यांविषयी बांनी विचारलेला प्रश्न तुम्हांस योग्य वाटतो काय? सकारण सांगा.

४. 'मळलेल्या लुगड्यामागे आळस नसून दारिद्र्य आहे', हे बांना कसे कळले?

५. पुढील शब्दप्रयोगांचा वाक्यांत उपयोग करा : निरुत्तर होणे, मनाला लागणे, कानांवर घालणे, हवेत विरून जाणे.

६. आपल्या आजीला तिच्या लहानपणची एखादी गोष्ट विचारा आणि ती दहा-बारा ओळींत लिहून काढा.