वसंतराव कुठे गेले?

कोयना एक्स्प्रेस सांगली सोडून पुढे निघाली, तेव्हा मी गाण्यांचा नवा प्लेअर खिशातून काढला आणि वसंतराव देशपांडे शोधायला लागलो. कलाकारांची यादी इंग्रजी वर्णक्रमाने लावलेली होती. अब्दुल करीम खाँसाहेबांपासून सुरू होऊन ती शोभा गुर्टूंपर्यंत आली आणि थांबली. पुढे सुरेशबाबू माने नाहीत, वसंतराव नाहीत, विलायत खाँ नाहीत. झिया मोहिउद्दीन डागर तर नावामुळे कायमच रांगेच्या शेवटी, त्यांचं काय विचारता!

आधी वाटलं, मेमरी कार्ड बिघडलं. पण फोल्डर उघडून पाहिले तर वसंतराव आपल्या जागी होते, वाजतही होते. फक्त यादीत नव्हते. ताकारीच्या आसपास यादीच्या तळाशी असलेला एकूण गाण्यांचा आकडा दिसला : २००००. इतका गोल आकडा दिसला की कारकुनाला संशय येतो, आणि मी एकतीस वर्षं हिशेब खात्यात काढली आहेत. माझ्या संग्रहात २३ हजार ४०० च्या वर फाइली आहेत. घरी परतल्यावर माहितीपुस्तिकेच्या शेवटच्या पानावर, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत ते वाक्य सापडलं : यादीत जास्तीत जास्त वीस हजार गाणी. खोक्यावर मात्र ठळक अक्षरांत लिहिलेलं होतं, २ टीबीपर्यंतचं कार्ड चालेल.

या २ टीबीला मी भुललो. नंतर कळलं की २ टीबी ही एसडीएक्ससी नावाच्या कार्डांच्या मानकाचीच वरची हद्द आहे. त्या जातीचं कार्ड घेणारा कुठलाही प्लेअर हे खोक्यावर छापू शकतो. त्या कंपनीने एवढं कार्ड भरून कधी चालवून पाहिलं होतं, असा त्याचा अर्थ होत नाही. कोठार केवढं आहे हे खोकं सांगतं. कोठारातलं पोतं सापडेल का, ते त्या यंत्राच्या मेमरीवर आणि यादी करणाऱ्या सॉफ्टवेअरवर असतं, आणि ते खोक्यावर कुणी छापत नाही.

माझा संग्रह म्हणजे मुळात वडिलांचा. ते मिरज जंक्शनला रेल्वेत होते. मीरासाहेबांच्या दर्ग्यात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ दरवर्षी गाणं होतं, तिथे ते टेपरेकॉर्डर मांडीवर घेऊन बसायचे. शिवाय आकाशवाणीवरून टेप केलेलं बरंच काही. त्यात माझ्या सीडी, मित्रांनी दिलेलं, जुन्या तबकड्यांवरून उतरवलेलं. हे इंटरनेटवरच्या गाण्यांच्या दुकानांत नाही, त्यामुळे ‘फोनवर ऐका की’ हा सल्ला निम्माच कामाचा. आणि जे तिथे आहे, तेही आदर्कीच्या घाटात बोगदे सुरू झाले की ऐकू येत नाही. मुलगी पुण्यात असते, महिन्यातून दोनदा हा सहा तासांचा प्रवास ठरलेला. म्हणून प्लेअर.

२००१ साली पहिला आयपॉड आला तो ५ जीबीचा, हजार गाणी खिशात अशी त्याची जाहिरात होती. पुढे १६० जीबीचा आयपॉड क्लासिक आला आणि मोठे संग्रह बाळगणाऱ्यांची काही वर्षं सोय झाली. २०१४ मध्ये तो बंद झाला. त्यानंतर या बाजारात जे उरलं ते बहुतेक आवाजाच्या शौकिनांसाठी. त्यांचा आग्रह स्वच्छ आवाजाचा असतो. एखाद्याकडे एकाच मारव्याची अकरा ध्वनिमुद्रणं असतील आणि त्यातलं १९८६ चं हवं असेल, हा विचार त्या यंत्रांत फारसा केलेला दिसत नाही.

प्लेअर परत का केला नाही, असं कुणीही विचारेल. परत करायची मुदत दहा दिवसांची होती. मी ६१० जीबी संग्रह प्लेअरला केबल लावून त्यातूनच कार्डावर चढवत बसलो. रोज रात्री थोडा थोडा, एकेका गायकाचा, हौसेने. त्यात बारा दिवस गेले. कार्ड काढून कार्ड रीडरमध्ये घातलं असतं तर एका दिवसात काम झालं असतं. पण खरं म्हणजे सगळा संग्रह चढवायची गरजच नव्हती. पहिल्या दिवशी वीस-पंचवीस त्रासदायक फाइली घालून पाहिल्या असत्या तर यंत्राची बरीचशी जातकुळी तिथेच कळली असती. वीस हजारांची मेख त्यातून कळत नाही, तेवढी मात्र आधीच विचारावी लागते.

त्रासदायक म्हणजे कोणत्या, ते सांगतो, कारण पुढचा सगळा शहाणपणा त्यातूनच आला.

पहिली, देवनागरी नावाची. यादीतली कलाकारांची नावं रोमन लिपीत होती, पण फाइलींची नावं मी मोठ्या निष्ठेने मराठीत लिहिली होती. या प्लेअरवर ‘मल्लिकार्जुन मन्सूर’ असं दिसायचं की ल्लचे दोन ल वेगळे, मधे पाय मोडलेला, ऱ्हस्व वेलांटी आपल्या अक्षराच्या पुढे जाऊन एकटीच उभी, आणि रफार उतरून र च्या पायाशी. ‘गंधर्व’चंही तेच. अक्षरं सगळी होती, पण हाडं निखळलेली. देवनागरी नीट दिसायला नुसता फाँट पुरत नाही, जोडाक्षरं जुळवणारी यंत्रणा लागते. अँड्रॉइडवर चालणाऱ्या प्लेअरमध्ये ती असते. ज्या स्वस्त प्लेअरमध्ये कंपनीची स्वतःची छोटी यंत्रणा असते, त्यात बहुधा नसते. काहींवर तर नुसते चौकोन येतात. तेव्हा एकतर अँड्रॉइडचा घ्या, नाहीतर नावं रोमन लिपीत लिहायची मनाची तयारी ठेवा. आणि वीसेक वर्षांपूर्वी कुणी युनिकोड नसलेल्या जुन्या मराठी फाँटमध्ये नावं टंकून दिली असतील, तर ती कुठल्याच यंत्रावर धड दिसणार नाहीत, पुन्हा टंका.

दुसरी, तासाभराची. आपल्याकडे बहुधा एक राग म्हणजे एक फाइल. चाळिसाव्या मिनिटाला प्लेअर बंद केला आणि पुन्हा लावला, तर तो तिथूनच सुरू होतो का? माझा पहिला पठ्ठ्या दरवेळी पुन्हा षड्जापासून. बटण दाबून पुढे सरकवावं तर दहा-दहा सेकंदांनी सरकायचा. द्रुतापर्यंत पोचेस्तोवर जेजुरी यायचं.

तिसरी चाचणी दोन फाइलींची. विलंबित एकीत, द्रुत दुसरीत, आणि मधे तानपुरा चालूच. एमपीथ्री तयार होताना तिच्या सुरुवातीला आणि शेवटी चिमूटभर शांतता चिकटते. चांगला प्लेअर ती ओळखून गाळतो. वाईट प्लेअर ती वाजवतो, आणि नेमका तिहाई संपून मुखडा घ्यायच्या क्षणी तानपुऱ्याला उचकी लागते. सिनेमाची गाणी ऐकणाऱ्याला हे जन्मात कळणार नाही. आम्हाला मात्र तेवढंच ऐकू येत राहतं. आवाजातलं काहीही न गाळणाऱ्या फ्लॅक फाइलींना ती शांतता चिकटत नाही, तरी एक संपताना दुसरी तयार ठेवणं प्लेअरला जमायला हवंच.

चौथी, कॅसेटची बाजू ए आणि बी. फोल्डर उघडून ऐकताना काही प्लेअर नावांच्या क्रमाने लावतात, काही कार्डावर ज्या क्रमाने फाइली चढल्या त्या क्रमाने. म्हणून बी आधी, ए नंतर. नावाआधी ०१, ०२ असे आकडे लावणं हा जुना उपाय अजूनही खरा. नुसता १, २ लिहिलात तर १० हा आकडा २ च्या आधी जाऊन बसतो.

आवाजाबद्दल फार लिहीत नाही. दुकानदार ३८४ किलोहर्ट्‌झ, ३२ बिट वगैरे सांगतो. माणसाचा कान फार तर २० किलोहर्ट्‌झपर्यंतचं ऐकतो, माझ्या वयात त्याहून बरंच कमी, आणि सीडीचं ४४.१ त्याला पुरून उरतं. कॅसेटवर तर तेवढंही नसतं. मी मात्र एका हौशी मित्राच्या नादाने वडिलांच्या चाळीसेक टेपा ९६ किलोहर्ट्‌झ, २४ बिटांत उतरवल्या. तासाला २ जीबी. टेपची खरखर आणि शेजारच्याचा खोकला अत्यंत निष्ठेने जपला गेला. सीडीच्या दर्जात हीच टेप सुमारे ६३५ एमबी होते, फ्लॅक केली की काहीही न गाळता त्याच्या निम्म्याच्या आसपास येते, आणि ३२० केबीपीएसच्या एमपीथ्रीत १४४ एमबी. मूळ प्रत फ्लॅकमध्ये घरी ठेवावी, खिशात एमपीथ्री न्यावी. गाडीच्या खडखडाटात फरक ओळखणारा मला तरी अजून भेटलेला नाही.

कार्डाचा किस्सा लाजिरवाणा आहे, पण सांगतो. एकदा १ टीबीचं कार्ड निम्म्या किमतीत मिळालं म्हणून घेतलं. संगणकावर ते १ टीबी दाखवत होतं. खरं म्हणजे तिथेच शंका यायला हवी होती. कंपन्या दहाच्या हिशेबाने मोजतात, विंडोज १०२४ च्या, त्यामुळे खरं १ टीबी कार्ड तिथे ९३१ जीबी दिसतं. माझ्या त्या कार्डात प्रत्यक्षात ६४ जीबीच होते. नकली कार्ड भरलं तरी तक्रार करत नाही, लिहिल्याचं नुसतं सोंग करतं. फाइलींची नावं सगळी दिसतात, वाजवायला गेलं की मौन. एचटूटेस्टडब्ल्यू नावाचं मोफत सॉफ्टवेअर कार्ड पूर्ण भरून पुन्हा वाचून पाहतं. वेळ खातं, पण नवं कार्ड आलं की आधी ते चालवा. आणि अस्सल कार्डही एक दिवस न सांगता जातं. संग्रह घरच्या हार्ड डिस्कवर असतो, दोन हार्ड डिस्कवर असला तर उत्तम. प्लेअरमध्ये असते ती त्याची प्रत.

आता यादी. हा सगळ्यात मोठा घोळ, आणि त्यात प्लेअरचा दोष निम्माच. पहिल्या यादीत माझ्याकडे चार भीमसेन जोशी होते : एक नुसते, एक ‘पं.’ लावलेले, एक ‘पंडित’ पूर्ण लिहिलेले आणि एक स्पेलिंगमध्ये दोन ई असलेले. पी या अक्षराखाली सगळे पंडित दाटीवाटीने बसले होते, यू खाली सगळे उस्ताद. आदर मनात ठेवावा, फाइलीत आडनावासकट नुसतं नाव लिहावं. हे मी एमपीथ्रीटॅग या सॉफ्टवेअरने तीन महिने रोज संध्याकाळी बसून दुरुस्त केलं. बायको म्हणाली, ‘‘निवृत्त झालात की नाही?’’

आपल्या संगीताला अल्बम नावाचा रकाना मुळात बसत नाही. मी अल्बमच्या जागी ठिकाण आणि साल लिहितो : मिरज दर्गा १९८६. नाट्यसंगीत असेल तर नाटकाचं नाव, आणि संगीतकाराच्या रकान्यात चाली देणारा. म्हणजे ‘मानापमान’ म्हटलं की गोविंदराव टेंबे. पण सगळ्यात उपयोगी पडली ती युक्ती वेगळीच. ‘जॉनर’ म्हणून जो रकाना असतो, ज्यात लोक पॉप, रॉक लिहितात, तो आपल्याला रिकामाच. त्यात मी राग लिहिला. आता जॉनर उघडलं की अहीरभैरव, आसावरी, बागेश्री अशी रांग लागते, आणि मारव्यावर बोट ठेवलं की अकराही मारवे समोर. गायक कुठलाही असो.

एवढं झाल्यावर दुसरा प्लेअर घेतला. सेकंड हँड, अँड्रॉइडवाला. पहिल्यापेक्षा जाड, सुरू व्हायला मिनिटभर घेतो, आणि बॅटरी मिरज-पुणे-मिरज टिकत नाही. पण २३ हजारांची यादी विनातक्रार करतो आणि मल्लिकार्जुन मन्सूर सांध्यांसकट दिसतात. मात्र ज्यांचा संग्रह पाच-सात हजार गाण्यांचा आहे, त्यांनी माझं अनुकरण करू नये. घरात पडलेला, कार्ड बसणारा जुना फोन काढा, सिम काढून टाका, विमान मोडवर ठेवा आणि पैसे वाचवा. हेडफोनची खाच आहे ना तेवढं बघा.

वसंतराव सापडले हे सांगायला नकोच. पहिला प्लेअर भाच्याला दिला, त्याच्याकडे चारशे गाणी आहेत आणि तो खूश आहे.

त्या त्रासदायक फाइली मी एका छोट्या कार्डावर काढून ठेवल्या आहेत. मल्लिकार्जुनांची, दीड तासाच्या दरबारीची, उचकीवाल्या जोडीची, उलट्या बाजूंच्या कॅसेटची, अशा मिळून बावीस. कार्ड फोटोच्या जुन्या रिळाच्या डबीत असतं. आमच्या कट्ट्यावर कुणालाही प्लेअर घ्यायचा झाला की डबी त्याच्याबरोबर जाते. गेल्या महिन्यात ती कोल्हापूरला गेली. मित्राने दुकानात कार्ड घालायला लावलं, मन्सूरांचं नाव उघडलं आणि दुकानदाराला पडदा दाखवला.

‘‘काका,’’ दुकानदार म्हणाला, ‘‘गाणं वाजतंय न्हवं? मग नाव कशाला वाचताय?’’

मित्र डबी घेऊन परत आला. तो अजून शोधतोय.