अम्माऊसचे मेज
(शास्त्रवाचन : लूक २४:१३–३५, उत्पत्ती १८:१–८)

क्लयपा आणि त्याचा सोबती यांची गोष्ट आपण दर पुनरुत्थानसमयी ऐकतो. वाटेत प्रभूला त्यांनी ओळखले नाही. भाकर मोडताना ओळखले. चित्रकाराला हा प्रसंग अवघड वाटतो, कारण ‘ओळखणे’ ही मनात घडणारी गोष्ट रंगांनी कशी दाखवावी? या एका प्रसंगाच्या आधारे युरोपातील चित्रकलेचे प्रवाह एकमेकांपासून कसे शिकत गेले, ते आपण पाहू.

१. मिलानची भिंत
प्रबोधनकाळातील लिओनार्दो दा विंची याने सुमारे १४९५ ते १४९८ या काळात मिलान येथील मठाच्या भोजनगृहात ‘शेवटचे भोजन’ रंगविले. ख्रिस्त मध्यभागी शांत. दोन्ही बाजूंस शिष्यांची खळबळ. चित्रातील सर्व रेषा प्रभूच्या मस्तकाकडे धावतात. ही समतोल मांडणी पुढच्या पिढ्यांनी पाठच केली.

२. रोमचा अंधार
सोळाव्या शतकात धर्मसुधारणा झाली. झुरिक येथे १५२४ साली मंदिरांतून मूर्ती व चित्रे काढली गेली. १५६६ साली नेदरलँड्समध्ये जमावाने ती फोडली. उलट रोमन मंडळीने ट्रेंटच्या परिषदेत, १५६३ साली, चित्रांनी लोकांना शिक्षण द्यावे असे ठरविले. या वातावरणातून बरोक कला वाढली. तिचा एक अग्रणी काराव्हाज्जो. त्याने १६०१ साली रंगविलेले अम्माऊसचे भोजन आज लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. काळोख्या खोलीत एका बाजूने झोत येतो. एक शिष्य खुर्ची मागे सारतो, त्याच्या अंगरख्याचे कोपर फाटले आहे. दुसरा हात पसरतो. फळांची टोपली मेजाच्या कडेवरून जणू आपल्या मांडीवर पडेल! हे शिष्य आपल्या बाजारात भेटणाऱ्या माणसांसारखेच आहेत.

३. हॉलंडचे घर
टेर ब्रुगेन, हॉन्टहॉर्स्ट हे उट्रेख्टचे चित्रकार रोमला गेले आणि हा प्रकाश घेऊन परतले. परंतु सुधारित मंडळीच्या मंदिरांत आता चित्रांना जागा नव्हती. पांढऱ्या भिंती आणि वचन, एवढेच. मग चित्रकारांनी काय करावे? त्यांची चित्रे नागरिकांच्या घरी गेली. शेते, चेहरे, भांडीकुंडी आणि शास्त्रातील प्रसंग घराच्या भिंतीवर आले.

रेम्ब्रांट (१६०६–१६६९) इटलीला कधीच गेला नाही. त्याचा गुरू लास्टमन मात्र गेला होता. सुमारे १६२९ साली रेम्ब्रांटने अम्माऊस रंगविले, तेव्हा दिवा ख्रिस्ताच्या मागे लपविला. आपल्याला केवळ काळी बाह्याकृती दिसते. १६४८ साली त्याने तोच विषय पुन्हा घेतला. हे चित्र पॅरिसच्या लूव्हरमध्ये आहे. येथे धक्का नाही, आरोळी नाही. ख्रिस्त मध्यभागी, मागे उंच कमान, प्रकाश मंद. लिओनार्दोची मांडणी त्याने छापील प्रतीवरून गिरविली होती. तिची शांतता येथे दिसते. ताट आणणाऱ्या चाकराला मात्र काहीच उमगलेले नाही. तो चाकर म्हणजे आपणच तर नव्हे?

४. हिंदुस्थानची सतरंजी
त्या काळी डच कंपनीची वखार सुरतेस होती. रेम्ब्रांटने मोगल लघुचित्रांच्या वीसहून अधिक नकला काढल्या. त्यांतील एकात चार धर्मपुरुष झाडाखाली बसले आहेत. १६५६ साली अब्राहामाच्या पाहुणचाराचे चित्र कोरताना त्याने हीच बैठक घेतली. स्वर्गीय पाहुणे खुर्च्यांवर नव्हे, तर आपल्याकडच्या पंगतीसारखे जमिनीलगत बसले आहेत! शास्त्रातील पूर्वेकडचे घर समजण्यास त्याला पूर्वेकडच्याच चित्राने साहाय्य केले.

५. सूर्य
व्हॅन गॉग हा डच सुधारित मंडळीच्या पाळकाचा मुलगा. पॅरिसमध्ये इम्प्रेशनिस्ट चित्रकारांपासून व जपानी ठसाचित्रांपासून तो उजळ रंग शिकला. १८९० साली, मनोरुग्णालयात असताना, त्याने रेम्ब्रांटच्या ‘लाजराला उठविणे’ या कोरीव चित्रावरून एक चित्र केले. मूळ चित्र काळेपांढरे. याने ख्रिस्ताची आकृती वगळली आणि आकाशात मोठा सूर्य ठेवला. कोणी म्हणेल, येथे श्रद्धा उणी झाली. कोणी म्हणेल, तीच प्रकाश झाली. वाचकांनी चित्र पाहून स्वतः ठरवावे.

समारोप
यांपैकी कोणीही एकटा शिकला नाही. प्रोटेस्टंटाने रोमपासून प्रकाश घेतला, युरोपियनाने मोगलांपासून बैठक घेतली. आणि घेतलेले प्रत्येकाने आपल्या हाताने नवे केले. आपल्या वाडवडिलांनी चित्रांविषयी जी सावधगिरी शिकविली ती व्यर्थ नव्हती. चित्राला नमन करू नये. पण चित्रापुढे थांबून शास्त्र अधिक नीट वाचता आले, तर तो लाभ आपण का सोडावा?

विचारासाठी प्रश्न
१. प्रभूला शिष्यांनी वाटेत न ओळखता मेजाशी का ओळखले?
२. आपल्या घरात प्रभूचे चित्र असेल, तर त्यातील चेहरा व वेष कोणत्या देशाचा आहे? त्याचा आपल्या कल्पनेवर कोणता परिणाम झाला आहे?
३. उपासनामंदिरातील चित्र आणि घरातील चित्र यांत आपण भेद करावा काय?