डिझेलवर शेणाचा उतारा

बापू, विहिरीवरच्या इंजिनात ओतताना डिझेलचा कॅन लवंडला, म्हणून एवढा घाबरू नकोस. आधी विडी विझव आणि हातातला पाण्याचा पाइप खाली ठेव. पाण्यानं डिझेल धुऊन निघत नाही, खोल उतरतं. आणि खाली आपलीच विहीर आहे. कोरडी माती, तूस, भुसा, हाताशी असेल ते टाक, पिऊ दे. मग वास येतो तिथवरची माती खरवडून विहिरीपासून लांब ने. शेततळ्याचा जुना कागद अंथर आणि त्यावर गुडघाभर ढीग घाल.

आता शेणखत. ५ घमेली मातीला १ घमेलं, पण मुरलेलं. ताजं शेण स्वतः कुजायलाच हवा ओढून घेतं. मेंढ्या बसवल्या होत्या तिथलं लेंडीखतही चालेल. कोंबडखत उष्ण, ते निम्म्याहून कमी घे.

डिझेल खाणारे जंतू आपल्या मातीतच असतात, बाहेरून आणावे लागत नाहीत. पण डिझेल म्हणजे नुसता कर्ब. नत्र-स्फुरद नसलं तर जंतू उपाशीच. तूप कितीही वाढ, भाकरीशिवाय जेवण होतं का? १९८९ साली अलास्कात एक्सॉन व्हाल्डीझ जहाज फुटून किनारे काळे झाले, तेव्हा तिथल्या शास्त्रज्ञांनीही नत्र-स्फुरदाचं खतच शिंपडलं होतं. आपल्याकडे ते उकिरड्यात पडलेलं असतं.

पण शेण टाकलं आणि विसरलं, असं चालत नाही. खरं काम फावड्याचं. दर आठ दिवसांनी ढीग खालवर कर. आपली काळी माती चिकट, आत वारा शिरत नाही. म्हणून इगतपुरीकडचं भाताचं तूस मिसळ. ओल अशी ठेव की मुठीत लाडू वळावा, पण बोटांतून पाणी गळू नये. पावसात वरून कागद झाक. निफाडच्या थंडीत जंतूही गारठतात, तेव्हा पौषात ढीग ढिम्म राहिला तर शेणाला नावं ठेवू नकोस. होळीनंतर तो वेग धरतो.

वास गेला म्हणून लगेच माती रानात पसरू नकोस. एका डब्यात ती, दुसऱ्यात चांगली माती घे आणि दोन्हींत मुगाचे १०-१० दाणे टोच. दोन्हीकडे सारखे उगवून सारखे वाढले, तरच पसर.

हे सगळं डिझेलपुरतं. ट्रॅक्टरच्या जळक्या ऑइलचं दुखणं वेगळं. त्यात इंजिनाच्या झिजेचे धातू असतात. तेल जंतू खातील, धातू कोण खाणार? त्या मातीत मेथी-कोथिंबीर अजिबात लावू नकोस. आणि पानेवाडीच्या इंधन डेपोतून निघालेला टँकर कधी वाटेत उलटला, तर घमेलं घेऊन धावू नकोस. लांब राहा, ११२ ला फोन लाव.

उद्या बाजाराला जाशील तेव्हा इंजिनाखाली ठेवायला पत्र्याची मोठी परात घेऊन ये.